इन्स्पेक्शनच्या दिवशी आजी-आजोबांची मीटिंग आन् आपण दाराबाहेर

ताई म्हणलीस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. तू लिहिलंयस की जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, नांदेडला झालाय, मिस्टर अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात आहेत, ग्रीन कार्ड झालंय, दिवाळीनंतर निघायलीस, आन् तिथं असिस्टेड लिव्हिंगमधे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना रोजच्या कामात मदत मिळते अशा राहायच्या ठिकाणी, काम धरावं म्हणतेस. पण कुणीतरी घाबरवलंय की इन्स्पेक्शनला सरकारी लोक म्हाताऱ्या माणसांना बंद खोलीत बसवून विचारतात आन् एखाद्या आजीनं आपलं नाव घेतलं की नोकरी गेली. मी उदगीरची, त्याच राज्यातल्या टॅकोमाजवळ सहा वर्षं हेच काम करायले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एक गोंधळ काढून टाक. नर्सिंग होम (तिथं म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नाही, चोवीस तास नर्सची देखभाल लागणाऱ्यांचं ठिकाण) वेगळं, असिस्टेड लिव्हिंग वेगळं. नर्सिंग होमला १९८७ चा केंद्राचा कायदा आहे, तिथं दोन तपासण्यांत १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. असिस्टेड लिव्हिंग मात्र ज्या त्या राज्याच्या हातात. वॉशिंग्टनमधे डीएसएचएस नावाचं समाजसेवा-आरोग्याचं सरकारी खातं आहे, त्यांचे लायसेन्सर, म्हणजे तपासणी करणारे, येतात, साधारण १८ महिन्यांत एकदा, आन् न सांगता येतात. उद्या मिस्टरांची नोकरी टेक्सासला गेली तर तिथलं सगळं नव्यानं बघ, माझं ऐकून बसू नको.

आता मीटिंग. सकाळी येतात, रेसिडेंटची, म्हणजे तिथं राहणाऱ्या आजी-आजोबांची, यादी मागतात, मग किचन बघ, औषधं बघ, फायली बघ, खोल्यांत जाऊन एकेकाशी बोल, आन् त्यातच एक वेळ ठरवून जे कुणी यायला तयार असतील त्यांना एकत्र बसवतात. विचारतात साधंच. जेवण गरम येतं का, मदतीला बोलवायचं बटण दाबल्यावर माणूस किती वेळानं येतं, दार वाजवून आत येतात का, तक्रार केली तर पुढं काय होतं, आन् तक्रार केली म्हणून कुणी डूख धरलाय का. स्टाफनं तिथं थांबायचं नसतं.

माझी फजिती सांगते. आपल्याकडं झेडपीच्या शाळेत साहेब येणार म्हणलं की पटांगण झाडायचं, हुशार पोरं पुढं, बाकीची मागं, उत्तरं गुरुजींनी आधीच पाठ करून घेतलेली. पहिल्या वर्षी मी तेच केलं की! खुर्च्या मांडल्या, सगळ्यांचे केस विंचरले, आन् एक आजी होत्या, ८८ वर्षांच्या, सूपावरून रोज भांडायच्या, त्यांना म्हणलं तुम्ही आराम करा, मीटिंगचं काही विशेष नाही, मी नंतर चहा आणते. आजी माझ्याकडं बघत राहिल्या आन् दहा मिनिटांनी वॉकर ढकलत आपल्या आपण हजर. कानातल्या मशीनची बॅटरी उतरलेली. मी ती इवलीशी बॅटरी नखानं काढून दुसरी बसवून दिली आन् तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले, परत काही लागलं तर म्हणून. लायसेन्सर बाई हसून म्हणल्या, थँक्यू, आता आम्हाला जरा खोली द्या. दार लागलं.

आजी मशीन असूनबी ओरडूनच बोलायच्या, त्यामुळं बाहेर सगळं ऐकू यायलं. आधी सूप निघालं. मग निघालं की रात्री बटण दाबलं तर अर्धा अर्धा तास कुणी येत नाही. त्या आठवड्यात रात्रपाळी माझीच होती. माझे पाय लटपटायले.

पण झालं काय, त्यांनी नुसतं आजीचं ऐकून कुणाला धरलं नाही, बटणाचं रेकॉर्ड मागवलं, ड्युटीचा चार्ट मागवला, आन् त्यात निघालं की रात्री आम्ही दोघी आन् रेसिडेंट ५२. रिपोर्टमधे ठपका आला तो संस्थेवर, आन् पुढच्या महिन्यात रात्रीला तिसरं माणूस मिळालं. आम्ही सहा महिने मॅनेजरपुढं तेच रडत होतो. मला बोलणी बसली, पण ती ‘आराम करा’ म्हणल्याबद्दल, आन् बरोबरच बसली, कारण कुणाला मीटिंगपासून लांब ठेवणं हे तिथं लई जड जातं.

म्हणून तू कुणाला पढवू नको, अडवू नको, आन् नंतर लाडीगोडीनं सुद्धा ‘आत काय बोललात’ विचारू नको. ज्याला यायचंय त्याला वेळेवर नेऊन सोड, चष्मा, मशीन, पाण्याचा ग्लास बघ, आन् निघ. तुला स्वतःला विचारलं तर जे केलंय तेच सांग, माहीत नसलं तर माहीत नाही म्हण, अंदाज ठोकू नको. आन् कुणी मारहाण करतंय, पैसे लुबाडतंय असा संशय जरी आला तरी इन्स्पेक्शनची वाट बघायची नसते, केअरगिव्हरला, म्हणजे आपल्यासारख्या देखभाल करणाऱ्याला, ते लगेच कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. ओम्बुड्समनचा, म्हणजे रेसिडेंटची बाजू घेऊन तक्रारी बघणाऱ्या माणसाचा, फोन नंबर भिंतीवर लावलेला असतो, तो रेसिडेंटसाठी असतो, कुणी विचारलं तर दाखवून दे, लपवाछपवी नको.

तिथलं नर्सिंगचं लायसन हातात येईपर्यंत तुझं जीएनएम तिथं नर्स म्हणून चालणार नाही. केअरगिव्हर म्हणून लागलीस तर ७५ तासांचं ट्रेनिंग आन् परीक्षा, तुला ते पोरखेळ वाटेल, पण मन लावून कर, रेसिडेंटचे हक्क त्यातच शिकवतात. नर्सिंगच्या लायसनसाठी एनक्लेक्स नावाची परीक्षा द्यायचीच असेल तर कॉलेजच्या मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट नांदेडातूनच काढून घे आन् महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या व्हेरिफिकेशनचं विमानात बसायच्या आधी लावून दे. मी ते राहू दिलं होतं, मग माझ्या भावाला उदगीरहून मुंबईला तीन चकरा पडल्या आन् तो अजून ऐकवतो.