किर्लोस्कर कंपनी नांगरावरून पंपाकडे कशी वळली? आणि आजच्या सगळ्या किर्लोस्कर कंपन्या एकच आहेत का?

माझा धंदा पंपदुरुस्तीचा, तोही सांगली जिल्ह्यात. त्यामुळे या कंपनीकडे माझं माप थोडं झुकतं पडणार, तेवढं चालवून घ्या.

तुम्ही विचारलंय तसं ‘वळणं’ वगैरे काही झालं नाही, असं माझं मत आहे. फाउंड्री तीच होती, गिऱ्हाईकही तेच, शेतकरी. फक्त त्याची पुढची अडचण हातात घेतली.

आधीची गोष्ट थोडक्यात. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले. सगळे रंग डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत हे कळल्यावर यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि तोच विषय व्हीजेटीआय या तिथल्याच तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले. बेळगावात भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलचं दुकान होतं. कंपनी आपला जन्म १८८८ चा मानते तो त्यावरून. मग कडबा कापायचं यंत्र आलं आणि त्यामागून लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, अशी तेव्हा पक्की समजूत होती. तयार नांगर दोनेक वर्षं तसेच पडून होते म्हणतात. पुढे बेळगावच्या नगरपालिकेनं जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी. निवडुंग आणि साप यांशिवाय त्या माळावर काही नव्हतं. १० मार्च १९१० ला तिथं किर्लोस्करवाडी उभी राहायला सुरुवात झाली. आज तो भाग पलूस तालुक्यात येतो.

आता पंप. आपल्याकडची विहीर खोल. वर बैलांची जोडी धावेवरून खाली जाणार, नाडा ताणला जाणार, मोट, म्हणजे पाण्याची चामडी पिशवी, वर येऊन थारोळ्यात रिकामी होणार, की बैल परत मागे. दिवसभर हेच. नांगर विकत घेणारा शेतकरी बागायत करायला लागला की त्याची गाडी इथंच अडायची.

सेंट्रिफ्युगल पंप कधी उघडून पाहिला असेल तर पुढचं लगेच कळेल. आत फिरतो तो इम्पेलर, पाणी कडेला फेकतो. बाहेरचं कवच गोगलगाईच्या शंखासारखं, कडेकडेनं रुंद होत जाणारं; त्यात पाण्याचा वेग कमी होऊन दाब वाढतो. हे कवच म्हणजे बीडाचं, ओतीव लोखंडाचं, ओतकाम. आतली पोकळी वाळूच्या कोअरनं, म्हणजे साच्याच्या आत ठेवलेल्या वाळूच्या गोळ्यानं, सोडायची असते आणि ओतताना तो कोअर जरा जरी सरकला की भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागद. मग पहिल्या दाबालाच पाझर. नांगराच्या बीडाच्या फाळाचंही तसंच नाजूक: कडक केला तर तुटतो, मऊ ठेवला तर झिजतो. बीडावर ज्यांचा हात असा बसला होता, त्यांनी १९२६ च्या सुमारास पंप ओतायला घेतला यात मला तरी नवल वाटत नाही. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडले.

पण पंप ओतून भागत नाही, तो फिरवणार कोण? शिवाय पंप पाणी वर ढकलतो जोरात, खालून ओढतो मात्र बेताचंच. हिशेबानं दहा मीटर, प्रत्यक्षात सहा-सात. त्याहून खोल विहिरीत पंप वर ठेवून कितीही पाणी भरा, फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) बदला, दांड्याभोवतीची पाझर रोखणारी दोरी नवी घाला, तो हवाच घेणार. म्हणजे पंप विहिरीत खाली टप्प्यावर उतरवायचा आणि त्याला इंजिनाचा पट्टा जोडायचा, नाहीतर मोटर बसवायची. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक निघाल्या, त्या माझ्या लेखी या पंपाच्याच गरजेतून. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीत वाडीच्या कारखान्याचं मोठं नुकसान झालं, तरी तो पुन्हा उभा केला. पुढे किर्लोस्कर ब्रदर्सनं गुजरातेत सरदार सरोवराचं पाणी सौराष्ट्राकडे चढवणाऱ्या योजनेचे अजस्र पंप दिले आणि २००३ मध्ये इंग्लंडची एसपीपी पंप्स ही कंपनीच विकत घेतली.

दुसरा प्रश्न. नाही, एकच नाहीत. घराण्याच्या शाखा वेगळ्या झाल्यात, प्रकरणं कोर्टातही गेलीत. किर्लोस्करवाडी किर्लोस्कर ब्रदर्सकडे आहे. ऑइल इंजिन्सवाली कंपनी वेगळी, आणि तीही पंप विकते. २०१७ मध्ये तिनं अहमदाबादची ला-गज्जर, म्हणजे ‘वरुणा’ पंपवाली कंपनी, घेतली. तेव्हा दुकानदार नुसतं ‘किर्लोस्करचा आहे’ म्हणाला तर पंपावरच्या पट्टीवर कंपनीचं पूर्ण नाव वाचा. पुढे सुटे भाग आणि गॅरंटीसाठी कुणाचं दार ठोठवायचं, ते त्यावरच ठरतं.