अर्जातला एक रकाना

चिरंजिवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नोकरीच्या अर्जातील ‘आपणांस कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविले आहे काय?’ या रकान्यात, तू दोषी ठरलेला असूनही, ‘नाही’ असे लिहावे असा घरच्यांचा आग्रह आहे आणि तुझेही मन तिकडेच झुकते आहे, हे वाचले. तसे लिहू नकोस, एवढे आधीच सांगून टाकतो.

हे मी नीतिपाठातून सांगत नाही, स्वतःच्या चुकीतून सांगतो. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक असताना माझ्या एका विद्यार्थ्यावर जत्रेतल्या मारामारीचा खटला चालू होता आणि त्याच सुमारास त्याला एका मोठ्या कारखान्यात जागा मिळत होती. ‘प्रकरण किरकोळ आहे, मिटून जाईल, लिहू नकोस,’ असे मीच त्याला सांगितले. पाचव्या महिन्यात पोलीस पडताळणीचा अहवाल आला आणि त्याच दुपारी त्याच्याकडून गेटपास काढून घेतला. पुढे वर्षभराने तो निर्दोष सुटला. पण त्याला काढले होते ते खटल्यामुळे नव्हे, खोट्या माहितीमुळे, त्यामुळे सुटल्याचा कागद घेऊन तो पुन्हा गेला तेव्हा त्या कागदाला कोणी विचारले नाही. आजही भेटला की तो चहाचे पैसे मला देऊ देत नाही, आणि मला तेच जास्त लागते.

सरकारी नोकरीपुरता हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात २१ जुलै २०१६ रोजी बराच स्पष्ट केला आहे. अटक, खटला किंवा शिक्षा यांबाबत विचारलेली माहिती खरीच दिली पाहिजे आणि ती दडवली तर नेमणूक रद्द होऊ शकते. मात्र गुन्हा किरकोळ असेल तर वरिष्ठांना त्या दडवणुकीकडेही दुर्लक्ष करता येते. उलट सगळे खरे सांगितले तरी नेमणूक दिलीच पाहिजे, अशी सक्ती त्यांच्यावर नाही. मग खरे सांगून मिळवले काय, असे तू विचारशील. खरे लिहिणाऱ्याला नकार मिळायचाच असेल तर तो दारातच मिळतो; खोटे लिहिणाऱ्याला तो शहरात खोली घेतल्यावर आणि मोटारसायकलचे हप्ते सुरू झाल्यावर मिळतो.

त्याच निकालात तुझ्या सोयीचीही एक गोष्ट आहे: जे नेमके विचारले आहे, तेवढेच सांगण्याचे बंधन आहे. म्हणून उत्तराआधी प्रश्न दोनदा वाच. आपल्याकडे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), चॅप्टर केस, एफआयआर, दोषारोपपत्र आणि शिक्षा हे सगळे ‘पोलीस केस’ या एकाच शब्दात खपते, कागदावर मात्र प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. चॅप्टर केस ही प्रतिबंधक कारवाई आहे, ती म्हणजे शिक्षा नव्हे. याउलट ‘कधी अटक झाली होती काय?’ असे विचारले असेल, तर निर्दोष सुटलेल्यालाही ‘होय’ लिहावे लागते.

आता तुझे प्रकरण. भारतीय दंड विधानाच्या (भा. दं. वि.) कलम ३२४ खाली, म्हणजे घातक हत्याराने दुखापत केल्याबद्दल, तुला दोषी धरले, पण तुरुंगात न पाठवता अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८ च्या कलम ४ नुसार चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. ‘त्याच कायद्याच्या कलम १२ मुळे पाटी कोरी झाली,’ असे वकिलांनी तुला सांगितले, ते अर्धेच खरे आहे. बंधपत्राच्या अटी पाळल्या असतील तर दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता त्या कलमामुळे तुला लागत नाही. पण दोषसिद्धी पुसली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बक्षी राम यांच्या प्रकरणात सांगितले आहे. तेव्हा रकान्यात असे लिही: ‘होय. भा. दं. वि. कलम ३२४ खाली दोषी; परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ४ नुसार बंधपत्रावर मुक्तता; मुदत पूर्ण; निकालाची प्रत सोबत.’ एवढे पुरे. भांडण कोणी काढले, बांध कोणाचा होता, याची कहाणी अर्जात नको.

निकालाची सही-शिक्क्याची नक्कल तुझ्याकडे नाही, हे वाचून मी कपाळाला हात लावला. न्यायालयाच्या नक्कल विभागात उद्याच अर्ज दे आणि दोन प्रती काढ. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधून खटला काय म्हणून दिसतो तेही पाहा, कारण पडताळणी करणाऱ्या खासगी कंपन्याही तिथे पाहतात, आणि आपल्या तालुक्यात तुझ्याच नावाचे आणखी दोघे-तिघे असतील तर त्यांची प्रकरणेही तुझ्या खात्यावर जमा व्हायची.

सुरक्षारक्षकाच्या नोकरीमागे तूर्त लागू नकोस. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याने त्या एजन्सींना चारित्र्य पडताळणी करावीच लागते. रिक्षा-टॅक्सीच्या बॅजलाही पोलीस पडताळणी आहेच. तुझ्या हातात टर्नरचे काम आहे, तेव्हा एमआयडीसीतल्या दहा-पंधरा कामगारांच्या वर्कशॉपपासून सुरुवात कर. तिथे मालक स्वतः मशीनजवळ उभा असतो, आणि जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, मापात उतरला की बाकीचे ऐकून घेण्याची त्याची तयारी असते. मात्र जॉब दाखवून झाल्यावर, पगाराचे बोलणे सुरू होण्यापूर्वी, ती गोष्ट तू स्वतः काढायची. काय झाले, न्यायालयाने काय केले, त्यानंतर तू काय करतो आहेस, ही तीन वाक्ये झाली की थांबायचे. गेल्या खेपेला तू माझ्यासमोर बोलून दाखवलेस तेव्हा चौथ्या वाक्यापासून तुझा आवाज चढला होता. भावकीचा विषय निघाला की तो चढतोच.

तुझ्याबरोबरच्या ज्या मित्राला प्रत्यक्ष शिक्षा भोगावी लागली, त्याने मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाकडे जावे. १९९० पासून ते तुरुंगातून सुटलेल्यांच्या पुनर्वसनाचे काम करतात. जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांकडेही त्याने एकदा चौकशी करावी.

नक्कल हाती आली की रविवारी सकाळी घरी ये. कोरा अर्ज बरोबर आण, पण तो रकाना भरून आणू नकोस. इथे बसून भरू.

तुझा,
निदेशक