रूट कॅनल तर झालं, मग दाढ अजून का दुखतेय?

मागच्या अंकात किडलेल्या दाढांबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांत बरीचशी रूट कॅनल नंतरच्या दुखण्याचीच आहेत, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून तेवढेच घेते.

प्रश्न : मॅडम, माझी खालची उजवीकडची मोठी दाढ किडली होती, गरम चहा घेतला की कळ जायची आणि रात्री आडवं पडलं की ठणका सुरू. दोन सिटिंगमध्ये रूट कॅनल केलं, परवा दुसरं सिटिंग झालं. आता तो ठणका गेलाय पण घास चावला की जीव जातो, नुसते दातावर दात टेकवले तरी दुखतं. नस काढून टाकली म्हणाले ना, मग दुखतंय काय? सासूबाई म्हणतात त्यापेक्षा दाढ उपटूनच टाकायची होती. घाबरण्यासारखं आहे का? (गृहिणी, कराड)

उत्तर : ताई, आधी घाबरणं थांबवा, तुम्ही जे सांगताय ते बहुतेकांना होतं आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. दाढेच्या आतली नस गेली हे खरं, पण दाढ हाडात थेट रुतलेली नसते, दाढ आणि हाड यांच्यामध्ये सगळीकडून एक पातळ पडदा असतो, जाडी साधारण पाव मिलिमीटर, आणि त्या पडद्याला स्वतःच्या वेगळ्या नसा असतात. घासात बारीक खडा आला की आपल्याला लगेच कळतं ना, ते याच पडद्यामुळे. तुमची कीड नसेपर्यंत गेली होती म्हणजे मुळाच्या टोकापाशी हा पडदा आधीच सुजलेला असणार, त्यात आम्ही मुळाच्या आतून शेवटपर्यंत साफसफाई करतो, औषधाने धुतो, मग रबरासारखं मटेरियल भरतो, त्यामुळे तो अजून थोडा चिडतो. पाय मुरगळल्यावर जसं हाड शाबूत असूनही पाऊल टेकवत नाही तसंच हे आहे. म्हणून तुमचा आपोआप येणारा ठणका गेला आणि दाबल्यावरचं दुखणं राहिलं, आणि ही चांगली खूण आहे.

आत काय करतात ते एकदा सांगते म्हणजे दुखणं का येतं ते पटेल. खालच्या मोठ्या दाढेला बहुतेक वेळा दोन मुळं आणि त्यात तीन कॅनल, म्हणजे नस राहते त्या बारीक नळ्या, असतात, कधी चार निघतात. त्यात ज्या सुयांसारख्या फाईल घालतो त्यातल्या सुरुवातीच्या फाईलचं टोक ०.१० मिलिमीटर असतं, आणि वीस-बावीस मिलिमीटर लांबीच्या दाढेत ती मुळाच्या टोकाच्या किंचित अलीकडे थांबवायची असते. किती आत गेलोय ते दाखवणारं मशीन असतं, ते बीप बीप करतं ते ऐकलं असेल तुम्ही, आणि वर एक्सरे काढून खात्री करतात. मध्ये मध्ये स्विमिंग पूलसारखा वास येतो ते सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारायला आणि सडलेली नस विरघळवायला त्याच्याइतकं चांगलं अजून काही नाही. इतकं सगळं टोकाजवळ चालतं म्हटल्यावर दोन-चार दिवस तिथे दुखणारच.

आता महत्त्वाचं. किती दुखतंय यापेक्षा रोज थोडं थोडं कमी होतंय का ते बघा. पहिले एक-दोन दिवस जास्त असतं, मग उतरायला लागतं, आठवड्याभरात बहुतेकांना फक्त कडक काही चावलं तरच जाणवतं. उतरत असेल तर वाट बघायची, वाढत असेल तर फोन करायचा.

पण ताई तुम्ही लिहिलंय की नुसते दात टेकवले तरी दुखतं, म्हणून एक गोष्ट आजच करून बघा. आरशासमोर बसून हळूच तोंड मिटा आणि बघा सगळ्यात आधी तीच दाढ टेकते का. तसं असेल तर वरचं फिलिंग कणभर उंच राहिलंय. भूल असताना पेशंटला ते कळत नाही, तोंड बधिर असतं त्यामुळे "बरोबर वाटतंय का" विचारलं तर सगळे हो म्हणतात, आणि घरी जाऊन भूल उतरली की प्रत्येक घासाला सगळा दाब त्या एका दाढेवर येतो आणि तो सुजलेला पडदा काही शांत होत नाही. यावर गोळी खाऊन उपयोग नाही. दवाखान्यात जायचं, डॉक्टर निळा कागद दातांमध्ये ठेवून चावायला सांगतात, जिथे गडद निळा ठिपका उमटतो तिथे जरासं घासतात, झालं. सुईसुद्धा लागत नाही. बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवसापासून फरक पडतो.

तोपर्यंत दुसऱ्या बाजूने खा, मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, भाकरी खायची तर दुधात कुस्करून. चकली, भाजके शेंगदाणे, पेरू तूर्त नको. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या, आणि त्या दाढेवरून ब्रश फिरवायचा बंद करू नका, दुखतं म्हणून लोक ती बाजूच घासत नाहीत आणि मग हिरडी सुजते ते वेगळंच. रात्री उशी थोडी उंच घ्या, आडवं पडलं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो म्हणून ठणका रात्रीच जास्त जाणवतो.

गोळीचं म्हणाल तर अशा दुखण्याला आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५०० ही जोडी छान चालते, पोटात काहीतरी घालून, सहा ते आठ तासांनी, दोन-तीन दिवस. पण किडनीचा त्रास, अल्सर, दमा, हार्टचा आजार किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने अजिबात नाही, आणि पावसाळ्यात ताप असून डेंग्यूची शंका असेल तरी नाही. अजून एक, कॉम्बिफ्लाममध्ये ही दोन्ही औषधं आधीच असतात, त्यावर अजून एखादी पॅरासिटामॉलवाली गोळी घेतली की डोस नकळत वाढतो, म्हणून पाकिटामागचं नाव वाचूनच घ्या.

आणि सासूबाईंना सांगा, उपटल्यावरही तीन-चार दिवस दुखतंच, आणि पुढे तिथे खड्डा राहतो, शेजारची दाढ त्यात कलते, वरची खाली उतरते. स्वतःची दाढ वाचत असेल तर ती वाचवायलाच हवी.

प्रश्न : रूट कॅनल नंतर दुखायला लागलं म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स आणला. तरी दुखणं तेवढंच. अजून पाच दिवस वाढवू का? (नोकरदार, पिंपरी)

उत्तर : नाही, दादा, वाढवू नका. चावताना होणारं दुखणं सुजेमुळे असतं, त्यावर अँटिबायोटिकचा काहीच परिणाम होत नाही. आणि नस मेलेल्या दाढेच्या आत रक्तच पोचत नाही, मग गोळीतलं औषध तिथे पोचणार कुठून? आतली घाण फाईलने आणि धुऊनच काढावी लागते. ताप आला, चेहरा सुजला, जबड्याखाली गाठी आल्या तर अँटिबायोटिक लागतं, ते डॉक्टरांनी बघून लिहिलेलं. बाकी वेळा उगाच घेऊन पुढच्या खऱ्या इन्फेक्शनला ते औषध लागू पडेनासं होतं, हे मला मनापासून सांगायचंय कारण आपल्याकडे दाढ दुखली की थेट मेडिकल हीच सवय आहे. तुमचं दुखणं पाच दिवसांत जराही उतरलं नसेल तर ज्यांनी केलं त्यांना दाखवा, उंच फिलिंगचं वर लिहिलंय ते आधी तपासून घ्या.

प्रश्न : वडिलांना शुगर आहे, वय ६४. पहिल्या सिटिंगनंतर दुसऱ्या दिवशी गाल टम्म सुजला. शेजारच्यांनी विटेचा शेक द्यायला सांगितला, लवंगेचं तेलही लावलं, हिरडी पांढरी पडलीय. (नांदेड)

उत्तर : शेक ताबडतोब बंद करा. आत पू असेल तर बाहेरून गरम दिल्याने सूज अजून पसरते. रुमालात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं गालावर, मग थोडा वेळ काढून पुन्हा, एवढंच. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्याने बधिर होतं हे खरं आणि आम्हीही ते औषधांमध्ये वापरतो, पण हिरडीवर थेट ओतलं की भाजतं, तुम्ही पांढरं म्हणताय ते तेच असावं. मिठाच्या गुळण्या करा, काही दिवसांत कातडी भरून येते.

आता सूज. पहिल्या सिटिंगनंतर कधी कधी आतले दबलेले जंतू उसळतात आणि सूज येते. याचा अर्थ उपचार बिघडला असा नाही, पण डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायला हवं, ते दाढ उघडून किंवा हिरडीवर छोटा छेद देऊन पू काढतात आणि दाब गेला की पेशंटला लगेच मोकळं वाटतं. वडिलांना शुगर आहे म्हणून तर थांबूच नका. शुगर वाढलेली असली की इन्फेक्शन आवरत नाही आणि इन्फेक्शनमुळे शुगर अजून वाढते, तेव्हा आज-उद्यात शुगर तपासा आणि त्यांच्या गोळ्या, इन्सुलिन जे असेल ते चुकवू नका, खाता येत नाही म्हणून गोळी बंद असं परस्पर करू नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आणि हे नीट लक्षात ठेवा. तोंड उघडेना, गिळता येईना, लाळ गळायला लागली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, सूज हनुवटीखाली गळ्याकडे किंवा वर डोळ्याकडे सरकली, थंडी वाजून ताप आला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर डेंटिस्टची अपॉइंटमेंट वगैरे नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्यायचं. दाढेचं इन्फेक्शन गळ्यात उतरून जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : माझं रूट कॅनल होऊन सहा-सात महिने झाले, अजिबात दुखत नाही. कॅप बसवायला सांगितली होती पण खर्च बघून टाळली. चालेल ना? (विद्यार्थिनी, मुंबई)

उत्तर : दुखत नाही म्हणूनच लोक फसतात गं. आत जायला दाढेला वरून भोक पाडलेलं असतं, कीड काढताना भिंतीही गेलेल्या असतात, आणि जी उरते तिच्यावर तू रोज चावतेस. एक दिवस चणा चावताना भिंत तुटते, आणि चीर हिरडीच्या खाली मुळात गेली तर मग कॅप बसवूनही वाचवता येत नाही, काढावीच लागते. पुढच्या दातांना कधी कधी नुसतं फिलिंग चालतं, दाढांना कॅप हवीच. वर अजून टेम्पररी सिमेंट असेल तर ते आधी बदलून घे, ते काही आठवड्यांपुरतं असतं, झिजलं की लाळ आणि जंतू पुन्हा आत उतरतात आणि सगळं परत करायची वेळ येते.

खर्चाचं म्हणशील तर मागच्या दाढेला झिर्कोनियाची, म्हणजे दाताच्या रंगाची सिरॅमिक कॅपच पाहिजे असं काही नाही. साध्या मेटलची कॅप स्वस्त असते, टिकते, आणि तिच्यासाठी दाढ घासावीही कमी लागते, फक्त रंग चांदीसारखा. मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे, तिथे खाजगीपेक्षा बरंच कमी पैशात होतं. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. खेपा जास्त पडतात, रांग असते, पण काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होतं.

प्रश्न : वरच्या दाढेचं रूट कॅनल केलं की नजर कमी होते का? आईला करायचंय, ती घाबरतेय. शिवाय ती मिशरी लावते. (बार्शी)

उत्तर : नजरेचा काही संबंध नाही, डोळ्याची नस वेगळी आणि दाढेची वेगळी. मिशरीने मात्र नुकसान होतं. तंबाखूने थोडं बधिर होतं म्हणून दुखऱ्या दाढेवर दाबून ठेवतात, पण हिरडी भरून येत नाही आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतोच. निदान उपचार चालू आहेत तेवढे दिवस तरी पूर्ण बंद ठेवायला लावा, आणि तेवढे दिवस निभावले की पुढेही मिशरी बंदच ठेवायला लावा.

प्रश्न : रूट कॅनल होऊन महिना उलटला, वरच्या दाढेत अजून कळ येते. डॉक्टर म्हणतात एक्सरे छान आहे. (पुणे)

उत्तर : महिन्यानंतर कळ येत असेल तर पुन्हा तपासायलाच हवं. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथा, फार बारीक कॅनल असतो, तो साध्या एक्सरेत दुसऱ्याच्या मागे लपतो आणि साफ करायचा राहून जातो. कधी मुळाला चीर असते, कधी दुखणारी दाढ भलतीच शेजारची निघते, आणि सर्दी-सायनसमुळेही वरच्या दाढा दुखतात. एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनलमध्ये एमडीएस केलेल्यांकडे जा, गरज वाटली तर ते थ्रीडी स्कॅन सांगतील. जाताना आधीचे सगळे एक्सरे आणि कुठल्या दिवशी काय केलं तो कागद सोबत न्या, मागितला की दवाखाना देतो.