कागद सोलायचा नसतो

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे. एलएम ३१७ (व्होल्टेज ठरवणारी तीन पायांची आयसी) वापरून पॉवर सप्लाय करतोय, त्याचा पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेघांचा सर्किट बोर्डसुद्धा घरीच. ग्लॉसी कागदावर लेझर प्रिंट काढून बोर्डावर इस्त्री मारतो, पण कागद सोलला की निम्मे ट्रॅक, म्हणजे छापलेल्या रेघा, कागदालाच राहतात. तीन बोर्ड वाया गेले. त्यात नको असलेलं तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराईड स्टीलच्या सिंकमध्ये ओतलं, तर डाग पडले. आई बोलत नाहीये.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी आईचं. ते डाग घासून जाणार नाहीत. फेरिक क्लोराईड स्टीलला खातं, बारीक खड्डे पाडतं. माफी माग. यापुढे प्लॅस्टिकचा ट्रे, हातमोजे आणि जुना शर्ट. वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं, ते गटारात सोडू नकोस. प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून ठेव, पुन्हा चालतं.

आमच्या वेळी लेझर प्रिंटर कुठला! बहिणीच्या नेलपॉलिशनं ट्रॅक रंगवायचो. तीही बोलायची नाही.

आता तुझे ट्रॅक. ‘सोलला’ असं लिहिलंयस, तिथेच गोम आहे. इस्त्रीनंतर बोर्ड निवू दे, मग वीसेक मिनिटं पाण्यात बुडवून ठेव. कागदाचा लगदा झाला की अंगठ्यानं हळूहळू चोळून काढ.

पण मला जास्त संशय तांब्याचा आहे. टोनर म्हणजे लेझर प्रिंटरची शाई, खरं तर प्लॅस्टिकची पूड. ती वितळून तांब्याला धरते आणि खालचं तांबं द्रावणापासून वाचवते, पण मध्ये बोटाचं तेल असेल तर धरत नाही. हिरव्या स्क्रबरनं आणि भांड्यांच्या पावडरीनं बोर्ड घास. वर पाणी ओत. ते थेंब न होता सलग पसरलं, तरच बोर्ड स्वच्छ. मग कोरडा कर आणि फक्त कडांना धर. इस्त्री कॉटनवर, वाफ बंद, तीन-चार मिनिटं दाबून. कोपऱ्यांवर टोक फिरव. तुटलेली रेघ पर्मनंट मार्करनं जोडता येते. सुरुवातीला ट्रॅक १ मिलिमीटरचे ठेव.

द्रावणाचा ट्रे कोमट पाण्याच्या परातीत ठेवून हलवत राहा. तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचाच असतो. नको असलेलं तांबं गेलं की लगेच बाहेर काढ, नाहीतर द्रावण टोनरखाली शिरून ट्रॅकच्या कडा खातं.

आणि चौथा बोर्ड करण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये तांब्याच्या थरावर तुझं नाव टाक. कागदावर ते उलटं छापून आलं तरच बोर्डावर सुलटं उमटेल. माझ्या पहिल्या लेझर बोर्डावर हेच चुकलं आणि ३१७ च्या अ‍ॅडजस्टच्या पायाच्या जागी इनपुटचा पाय आला होता.