सहाच आठवड्यांचा तर कोर्स आहे!

प्रश्न : ताई, उन्हाळी सत्रात अमेरिकन युनिव्हर्सिटीचे पब्लिक स्पीकिंग आणि फिलॉसॉफी, दोन्ही ऑनलाइन घेऊ का? सहाच आठवडे आहेत, पटकन उरकतील ना?

उत्तर : उरकतायत कसले गं! तिकडे ३ क्रेडिटचा कोर्स म्हणजे साधारण १५ आठवडे, लेक्चर आणि घरचा अभ्यास धरून आठवड्याला ९ तास, म्हणजे झाले १३५, आणि तेच सगळं ६ आठवड्यांत कोंबलं की आठवड्याला २२ तासांच्या वर जातं, दोन घेतलेस तर फुल टाइम नोकरीच की ती. एकच घे.

फिलॉसॉफीत वाचन तुंबलं की संपलंच. पब्लिक स्पीकिंग सोपं वाटतं, पण बरेच शिक्षक भाषण एका दमात, एडिटिंग न करता रेकॉर्ड करायला लावतात, वर समोर बसलेली चार माणसं पण व्हिडिओत दिसायला हवीत म्हणतात, आता ती गोळा करणं हाच खरा प्रोजेक्ट! आणि क्रेडिट तुझ्या कॉलेजात चालणार का हे फी भरायच्या आधी विचार, सिलॅबस जोडून, ईमेलवरच. तोंडी ‘हो हो चालेल’वर जाऊ नकोस.