शंका-समाधान: अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांचे सरकारी संशोधन

एसबीआयआर, म्हणजे छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी पैसे देणाऱ्या अमेरिकी सरकारच्या योजनेवर या वेळी बरीच पत्रे आली. योजना 1982 च्या कायद्याने आली. अमेरिकी संघ सरकारच्या ज्या खात्याचे बाहेरून करून घ्यायच्या संशोधनाचे बजेट वर्षाला 10 कोटी डॉलरच्या वर जाते, त्याला त्यातले किमान 3.2 टक्के छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवावे लागतात. सर्वांत मोठा वाटा संरक्षण खात्याचा; ऊर्जा खातेही मोठ्या खात्यांपैकी एक. कायदा मुदतीचा असतो. 2022 साली मिळालेली मुदतवाढ 30 सप्टेंबर 2025 ला संपली, त्यामुळे तयारीला लागण्यापूर्वी अर्जासाठी नवे संशोधनविषय खुले आहेत का, हे खात्याच्या पोर्टलवर बघून घ्या.

प्रश्न: मी एच-1बी व्हिसावर नोकरी करतो, माझा मित्र ग्रीन कार्डधारक आहे. दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत कंपनी काढून संरक्षण खात्याकडे अर्ज केला तर चालेल का? (न्यू जर्सी)

निम्म्या-निम्म्या भागीदारीत चालणार नाही. निम्म्याहून जास्त मालकी अमेरिकी नागरिकांची किंवा ग्रीन कार्डधारकांची लागते. मित्राकडे 51 टक्के ठेवा. कंपनी नफ्यासाठी चालणारी हवी आणि संलग्न कंपन्या धरून माणसे 500 च्या आत हवीत.

मालकीपेक्षा कामाचा प्रश्न अवघड आहे. प्रमुख संशोधकाची मुख्य नोकरी, म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ, याच कंपनीत असावी लागते. तुमचा व्हिसा सध्याच्या कंपनीशी बांधलेला आहे, तेव्हा ती जागा तुम्हाला घेता येणार नाही. संध्याकाळी बिनपगारी मदत करणेसुद्धा व्हिसाच्या दृष्टीने धोक्याचे आहे. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. मित्रालाही नोकरी सोडायची नसेल आणि विद्यापीठातला कोणी प्राध्यापक सोबत असेल, तर एसटीटीआर ही जोडयोजना बघा. तिथे प्रमुख संशोधक विद्यापीठातला चालतो. कामाचा किमान 40 टक्के वाटा कंपनीचा आणि 30 टक्के संस्थेचा असावा लागतो.

विषयावर आयटार, म्हणजे शस्त्रनिर्यात नियंत्रणाचा शिक्का असेल तर आणखी एक अडचण येते. ग्रीन कार्डधारक या कायद्यात 'अमेरिकी व्यक्ती' ठरतो, एच-1बीवाला परदेशी. त्याच ऑफिसात बसून तुम्हाला एक ड्रॉइंग दाखवले तरी ती निर्यात समजली जाते.

सॅमची, म्हणजे सरकारी पैसे घेणाऱ्यांसाठीच्या SAM.gov या साइटवरची नोंदणी आजच सुरू करा. ती फुकट असते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटांच्या ईमेलना उत्तर देऊ नका. कंपनीचे नाव आणि पत्ता कागदपत्रांशी अक्षरशः जुळत नसेल, एका ठिकाणी 'स्ट्रीट' आणि दुसरीकडे 'एसटी' असेल, तरी पडताळणी कित्येक आठवडे अडकते आणि तोवर अर्जाची तारीख निघून जाते.

प्रश्न: थंडीत चालणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीवर ऊर्जा खात्याकडे अर्ज केला होता. नकार आला. शेरा असा: 'कल्पना चांगली, पण व्यवहार्यता सिद्ध करण्याची योजना अस्पष्ट.' नेमके काय चुकले असेल? (मिशिगन)

फेज 1 मध्ये, म्हणजे योजनेच्या पहिल्या टप्प्यात, सरकार एका प्रश्नाचे उत्तर विकत घेत असते: हे होऊ शकते का? ते उत्तर सहा ते बारा महिन्यांत, आकड्यात, हो किंवा नाही असे मिळायला हवे. 'थंडीतली कामगिरी सुधारणे' हे उद्दिष्ट तपासणार कसे? त्याऐवजी असे लिहा: '1 अँपिअर-तासाचा पाऊच सेल (चपट्या पाकिटासारखा सेल) उणे 40 अंश सेल्सिअसला, पाच तासांत रिकामा होईल अशा दराने, 25 अंशाला मिळणाऱ्या क्षमतेच्या किमान 70 टक्के देईल.' हा आकडा उदाहरणादाखल आहे. तुमचा आकडा विषयपत्रिकेतून, म्हणजे खात्याने विषय मांडलेल्या कागदातून घ्या आणि तिथे नसेल तर बाजारातल्या चांगल्या सेलच्या माहितीपत्रकाशी तुलना करून ठरवा.

या क्षेत्रातले परीक्षक तीन गोष्टी हमखास शोधतात. पहिली कॉइन सेलची, म्हणजे नाण्याएवढ्या चाचणी सेलची. त्यात इलेक्ट्रोलाइट (सेलमधले विद्युतवाहक द्रव) गरजेच्या कित्येक पट भरलेले असते. व्यापारी पाऊच सेलमध्ये ते मोजकेच असते, आणि कॉइन सेलमध्ये उत्तम चाललेले रसायन तिथे लवकर ढेपाळते. म्हणून कॉइन सेल फक्त रसायन निवडायला वापरा आणि योजनेच्या उत्तरार्धात कमी इलेक्ट्रोलाइटचे पाऊच सेल ठेवाच.

दुसरी तापमान मोजण्याची. चाचणीची थंड पेटी, म्हणजे चेंबर, उणे 40 दाखवतो म्हणजे सेल उणे 40 ला आहे असे नाही. सेलच्या पृष्ठभागावर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावा, चाचणीआधी चार तास तरी सेल चेंबरमध्ये ठेवा आणि तापमानाचा आलेख निकालासोबत द्या. जास्त दराने वीज काढली की सेल आतून तापतो आणि निकाल खोटा चांगला दिसतो. जाणकार परीक्षक हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही.

तिसरी चार्जिंगची. थंडीत वीज काढणे त्यामानाने सोपे असते. भरताना मात्र ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडवर धातुरूप लिथियम साचते, क्षमता जाते आणि शॉर्टचा धोका वाढतो. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमधला इथिलीन कार्बोनेट हा द्रावक मुळात 36 अंशालाच गोठतो, म्हणून तो कमी केला की वाहकता सुधारते. पण ग्राफाइटवरचा संरक्षक थर त्याच्यामुळेच बनतो. तुमची कल्पना ही ओढाताण कशी सोडवते, हे पहिल्या पानावर यायला हवे. चार्जिंग या टप्प्यात करणार नसाल तर तसे स्पष्ट लिहा आणि फेज 2 मध्ये कधी करणार तेही सांगा.

सुधारलेला अर्ज पुढच्या फेरीत जरूर पाठवा. परीक्षकांचे शेरे हातात आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे.

प्रश्न: 2 लाख डॉलरच्या मर्यादेत हिशेब बसत नाही. ओव्हरहेड, म्हणजे भाडे-विजेसारखा वरखर्च, धरायचा कुठे? (टेक्सास)

खालून वर चढत जा. प्रमुख संशोधक 500 तास, ताशी 70 डॉलर: 35,000. तंत्रज्ञ 600 तास, ताशी 35: 21,000. पगार झाले 56,000. विमा, रजा, कर यांचे 30 टक्के, म्हणजे 16,800 धरले की 72,800. त्यावर ओव्हरहेड 40 टक्के: 29,120. आतापर्यंत 1,01,920. साहित्य 20,000 आणि विद्यापीठाचे उपकंत्राट 45,000 मिळवले की 1,66,920. सर्वसाधारण प्रशासनाचे 10 टक्के म्हणजे 16,692, आणि शेवटी फी, म्हणजे कंपनीचा नफा, 7 टक्के, सुमारे 12,853. एकूण 1,96,465.

दर तुमचे स्वतःचे हवेत. इथले फक्त पद्धत दाखवायला घेतले आहेत. उपकंत्राट इथे 23 टक्क्यांच्या आसपास येते. फेज 1 मध्ये कंपनीने दोन तृतीयांश काम स्वतः करायचे असते, त्यात हे बसते. फेज 2 मध्ये निम्मे करावे लागते. फी सोडून देऊ नका. पेटंट वकिलाचा खर्च बहुतेक वेळा त्याच पैशातून निघतो. टाइमशीट मात्र पहिल्या दिवसापासून रोजच्या रोज भरा. संरक्षण खात्याचे फेज 2 चे कंत्राट खर्चावर आधारित असेल तर हिशेबपद्धतीची तपासणी होते, आणि मागाहून भरलेल्या टाइमशीट तिथे टिकत नाहीत.

प्रश्न: शोध सरकारचा होतो का? (कॅलिफोर्निया)

नाही. पेटंट कंपनीचे राहते. सरकारला स्वतःच्या वापरापुरता परवाना मिळतो. शोध लागल्याची माहिती दोन महिन्यांत कळवावी लागते आणि ती चुकली तर हक्क धोक्यात येतो. तांत्रिक माहितीला कंत्राट मिळाल्यापासून 20 वर्षे संरक्षण असते, पण अहवालाच्या पानांवर ठरलेली सूचना छापली असेल तरच.

प्रश्न: भोसरीत आमचे मशीन शॉप आहे. मेव्हण्याची कंपनी अमेरिकेत आहे. टेस्ट रिग आम्ही बनवली तर? (पुणे)

संशोधनाचे काम अमेरिकेतच व्हावे लागते. अपवाद क्वचित आणि आधी लेखी परवानगी घेऊनच. तयार, कॅटलॉगमधला भाग विकणे वेगळे. पण नियंत्रित ड्रॉइंग त्यांनी तुम्हाला ईमेल केले तर परवान्याशिवाय निर्यात केल्याचा गुन्हा मेव्हण्यांवर येईल.

तुमच्यासाठी इथलीच दारे उघडी आहेत. भारताच्या संरक्षण मंत्रालयाच्या 2018 पासूनच्या आयडेक्स योजनेत स्टार्टअप आणि लघुउद्योगांना दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळते, मात्र तेवढाच वाटा स्वतः उभा करावा लागतो. डीआरडीओच्या टीडीएफ या तंत्रज्ञान विकास निधीमध्ये 50 कोटींपर्यंतचे प्रकल्प घेतात आणि खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत मदत असते. दोन्हीकडे पैसा टप्प्याटप्प्याने येतो. दोन हप्त्यांमधले पगार आणि मालाचे पैसे कुठून येणार, हे आधी बँकेशी बोलून ठरवा. अंदाजपत्रकात चाचण्यांचा खर्च धरायचा राहून जातो: इलेक्ट्रॉनिक भाग असेल तर जेएसएस 55555 या लष्करी मानकाप्रमाणे तापमान, कंपन, धूळ, आर्द्रता आणि त्यावर ईएमआय-ईएमसी, म्हणजे विद्युतचुंबकीय अडथळ्याच्या चाचण्या. चाचणीत नापास होणारा पहिला नमुना गृहीत धरून किमान दोन नमुन्यांचा खर्च मांडा.