नव्याचे नऊ दिवस

"ताई, माझे वय ४३ असून मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते आणि एका पतसंस्थेत नोकरी करते. डिसेंबरमधील तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ आली आणि उपाशीपोटीची ११२. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात, रोज चालत जा. माझ्या आईला मधुमेह होता आणि तिच्या पायाचे बोट काढावे लागले, ते सारे मी पाहिले आहे. मी तीन हजारांचे बूट घेतले आणि पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाऊ लागले. दहाव्या दिवशी मुलीला ताप आला, मग नणंदेकडचे लग्न निघाले, आणि गेले दोन महिने बूट कपाटात आहेत. यजमान हसून म्हणतात, 'तुझे नव्याचे नऊ दिवस.' स्वयंपाकघराच्या खिडकीतून किल्ला दिसतो म्हणून मी आता तिकडे पाहतच नाही. परवा स्वतःच्याच रागाने चार कंदी पेढे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून कडक उपास धरला. आईचा पाय पाहूनही जिला शिस्त लागत नाही, तिला काय म्हणावे? — आळशी"

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. साखरेविषयी त्यात दोन ओळी आहेत, उरलेले जवळजवळ सगळे पत्र स्वतःला दिलेल्या दूषणांचे आहे. म्हणून आधी साखरेचे बोलते, कारण तो भाग सोपा आहे.

एचबीएवनसी ५.७ ते ६.४ किंवा उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ असेल, तर त्या स्थितीला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात; ६.५ आणि १२६ पासून पुढे मधुमेह मानला जातो. तुमचे दोन्ही आकडे या पट्ट्याच्या मध्यावर आहेत. ही अवस्था म्हणजे लागलेला निकाल नव्हे. अमेरिकेत ३,२३४ लोकांना घेऊन झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल आणि वजनात ७ टक्के घट ही उद्दिष्टे ठेवून ज्यांना आहार-व्यायामात मदत केली गेली, त्यांच्यात सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. चेन्नईत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासातही जीवनशैली बदलणाऱ्यांचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी उतरला. मला स्वतःला त्या अमेरिकन अभ्यासातील एक बारीक निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. ज्यांचे वजन ठरल्याइतके उतरले नाही, पण ज्यांनी हालचालीचे उद्दिष्ट पहिल्या वर्षी गाठले, त्यांच्यातही मधुमेहाचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी आढळले. काट्यावर काही दिसत नसतानाही चालणे आपले काम करत असते, असा त्याचा अर्थ आहे.

आता तुमच्या नऊ दिवसांविषयी. आपल्याकडे, विशेषतः बायकांना, नियम म्हटला की व्रत आठवते. चातुर्मासाचा नेम एक दिवस चुकला की व्रत खंडित झाले, केलेले सगळे वाया गेले, ही भावना आपल्या अंगात इतकी मुरलेली असते की चालण्यासारख्या साध्या गोष्टीलाही आपण तीच फूटपट्टी लावतो. चालणे हे व्रत नव्हे, ते केर काढण्यासारखे आहे. लग्नाच्या धामधुमीत दोन दिवस केर निघाला नाही म्हणून "आता माझ्याने घर झाडणे होणारच नाही" असे म्हणून कोणी झाडू माळ्यावर टाकत नाही. पाहुणे गेले की आपण झाडू हातात घेतो आणि त्यात कसली लाज वाटत नाही. शरीराचा हिशोबही असाच असतो. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात आणि त्यानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात ते यामुळेच. तुम्ही दोन महिने चालला नाहीत, त्याची थकबाकी तुमच्या नावावर चढलेली नाही. आज चाललात तर त्याचा उपयोग आजच होईल. पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईला थकबाकी नसलेल्या खात्याचे सुख वेगळे सांगायला नको.

तरीही पाय उचलत नाही, याचे कारण मला आळसात दिसत नाही, ते त्या खिडकीत दिसते. किल्ला दिसला की बूट आठवतात, बूट आठवले की आई आठवते, आणि मग मनातून आवाज येतो की तुझ्याने काही व्हायचे नाही. हा आवाज टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे किल्ल्याकडेच न पाहणे, आणि तुम्ही तोच पत्करलात. आईच्या पायाच्या भीतीने तुम्हाला नऊ दिवस गडावर नेले. दहाव्या दिवसानंतर तीच भीती तुम्हाला घरात बसवते आहे.

क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ पासून आत्मकरुणेविषयी लिहिले आहे. त्यांच्या मते तिचे तीन भाग आहेत. पहिला म्हणजे स्वतःशी मायेने बोलणे, दुसरा म्हणजे अशी अडचण आपली एकटीची नसून माणसामात्राची आहे हे ओळखणे, आणि तिसरा म्हणजे मनातील दुखणे आहे तेवढेच पाहणे, त्याचा डोंगर न करणे. दुसऱ्या भागासाठी एकच आकडा पुरे आहे: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. त्यांपैकी कितीजणांचे बूट कपाटात असतील, याची कल्पना करा.

आत्मकरुणा म्हणजे स्वतःचे लाड, अशी तुमची समजूत असेल तर एक प्रयोग करून पाहा. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने हेच सगळे तुम्हाला सांगितले असते, तर तुम्ही तिला आळशी म्हणाला असतात का? बहुधा तुम्ही म्हणाला असतात, "अगं, लेक आजारी होती, घरात लग्न होते, आज संध्याकाळी निघतेस का माझ्याबरोबर?" या वाक्याचा उत्तरार्ध विसरू नका. नुसते "जाऊ दे" ही करुणा नव्हे, "चल, निघू या" हे शब्द त्यात असावे लागतात. कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांपैकी एकात, कठीण चाचणीत नापास झालेल्या ज्या विद्यार्थ्यांना स्वतःशी समजुतीने वागायला सुचवले गेले, त्यांनी फेरपरीक्षेसाठी इतरांपेक्षा अधिक वेळ अभ्यास केला. माणूस मायेने ढिला पडतो, हा आपल्या घराघरांतील समज तेथे तरी खरा ठरला नाही.

उपासाचे मात्र स्पष्टच सांगते. शिक्षा म्हणून धरलेल्या उपासाने दुसऱ्या दिवशीची भूक वाढते आणि पुन्हा पेढ्यांचा पुडा जवळ येतो. शिवाय आपला कडक उपास म्हणजे पुष्कळदा साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा, म्हणजे निव्वळ पिष्ट. साखर चढवण्यासाठी याहून सोयीचा पदार्थ शोधून सापडणार नाही. त्यापेक्षा चवीने एक पेढा खाऊन दहा मिनिटे चालून यावे.

अजिंक्यतारा तूर्त बाजूला ठेवा. बैठ्या कामाच्या माणसाने पहिल्याच आठवड्यात पहाटे गडाचा चढ धरला, की पुढे जाणाऱ्यांकडे पाहून मन खचते आणि गुडघेही कुरकुरतात. आपल्या जुन्या लोकांची शतपावली घ्या आणि ती थोडी लांबवा. दुपारच्या डब्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-दहा मिनिटे सपाट रस्त्याने चाला, कारण जेवणानंतर चढणारी साखर तेव्हाच खाली येते. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवा. सकाळचा बसथांबा जरा लांबचा निवडलात की आठवड्याची १५० मिनिटे भरतात. कामावर अर्ध्या तासाने उठून पाण्याची बाटली भरून आणा. छातीत दडपण आले किंवा वेगळाच दम लागला तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. साखरेची तपासणी निदान वर्षातून एकदा, किंवा ते सांगतील तेव्हा, करून घ्या.

यजमानांना आज रात्री जेवण झाल्यावर बरोबर घ्या. नऊ दिवसांची चेष्टा करणाऱ्याने दहाव्या दिवशी सोबत करायला हरकत नसावी. बूट कपाटातून काढून दाराशी ठेवा, मात्र पायात घालण्यापूर्वी चांगले झटका, दोन महिन्यांत आत झुरळ मुक्कामाला आलेले असायचे.

तुमची,
ताई